गवताचा भारा आणि स्वराज्याची यादी

स्वराज्याची लढाई वऱ्हाडात कोणी केली, असा प्रश्न विचारला म्हणजे उत्तरे तयार असतात. अमुक वकिलांनी वकिली सोडली, तमुक पुढाऱ्यांनी सभा भरविली, इतक्या लोकांस इतक्या महिन्यांची शिक्षा झाली. ही माहिती खरी आहे, आणि ज्यांनी त्याग केला त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु वाशीम, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, कारंजा व मानोरा ह्या सहा तालुक्यांतील एखाद्या कुणब्याने, धनगराने, बंजाऱ्याने अगर सुताराने उभे राहून, "माझ्या गावाने त्या लढाईत काय केले?" असे विचारले, तर इतिहास सांगणारा गप्प बसतो. गावाने काही केले नाही म्हणून तो गप्प बसतो असे नव्हे. गावाचे कोणी लिहून ठेवले नाही म्हणून बसतो. सोसणारा खेड्यात राहिला आणि लिहिणारा शहरात राहिला, त्याचा हा परिणाम आहे.

आमचे म्हणणे असे आहे की वाशीमच्या खेड्यांपाशी ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते गवतात आहे. ते उत्तर आता लिहून काढले पाहिजे. नुसत्या मानासाठी नव्हे. त्यात आमच्या गुराढोरांच्या चाऱ्याचा व कारागिराच्या लाकूडफाट्याचा आजचा हक्कही अडकलेला आहे. तो कसा, हे आम्ही पुढे सांगतो.

१९३० सालच्या एप्रिल महिन्यात महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला. साऱ्या देशाने तो मोडावा असे ठरले. परंतु वऱ्हाडातून समुद्र शेकडो मैल दूर! अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या बाजूस खाऱ्या विहिरी आहेत. त्यांचे पाणी आटवून लोकांनी मीठ केले व कायदा मोडला. हे धैर्याचे काम होते यात शंका नाही. तथापि मीठ करणे हा काही वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा रोजचा धंदा नव्हे. त्याच्या दारात सरकार रोज उभे राहत होते ते मिठागराच्या शिपायाच्या रूपाने नव्हे, तर जंगलच्या नाकेदाराच्या रूपाने. म्हणून पावसाळा लागला, गवत उगवले, तेव्हा वऱ्हाडातल्या लढाईस तिचा खरा विषय सापडला.

हे गवत सरकारचे केव्हा झाले? आमच्या आज्यापणज्यांच्या वेळी ते सरकारचे नव्हते. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. पुढे १९०२ साली, एखादा मळा मक्त्याने द्यावा त्याप्रमाणे, सालिना पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांस लिहून दिला गेला. त्यात राहणाऱ्या रयतेस कोणी विचारले नाही. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी माजली, विलायतेच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर कापसाची धाड आली. जेथे पूर्वी गुरे चरत तेथे वखर फिरला. दुसरीकडून जंगलखाते आले. १८७८ साली हिंदुस्थानचा जंगल कायदा झाला, १८८६ साली वऱ्हाडापुरता स्वतंत्र कायदा झाला, आणि रानाचे वर्ग पाडण्यात आले. इमारती लाकडाचे रान वेगळे, रमणे व बाभूळबने वेगळी, चराईचे रान वेगळे. वर्ग कोणताही असो, परवाना, पावती व फी हीच त्याची वाट होती. कापूस पुढून आला व जंगलखाते मागून आले. मध्ये गाय, बैल आणि शेळी सापडली.

जंगल म्हणजे वाघ व सागवान असे शहरातल्या माणसास वाटते. खेड्यातल्या माणसास जंगल म्हणजे अर्धे घर असते. शेतकऱ्यास कुसळ व पवन्या गवत पाहिजे, छपरास पाहिजे व बैलासही पाहिजे. सुतारास वखराच्या दांडीला, गाडीच्या आखाला तिवस, धावडा, बाभूळ पाहिजे. लोहाराच्या भात्यास कोळसा पाहिजे. कुंभाराची भट्टी काट्याकुट्याशिवाय पेटत नाही. बुरुडास बांबू पाहिजे. कातडे कमावणाऱ्यास बाभळीची व तरवडाची साल पाहिजे. धनगराच्या मेंढ्या, बंजाऱ्यांच्या तांड्याची गुरे, आंध बांधवांची मोहफुले व कंदमुळे, पत्रावळीस पळसाची पाने, ही सर्व त्याच एका रानातून यावयाची. म्हणजे जंगलाच्या कायद्याने एका जातीस नव्हे, साऱ्या गावगाड्यास एका दोरीने बांधले. बलुतेदाराचे हत्यार महाग झाले म्हणजे शेतकऱ्याचे औत महाग झाले, हे काय सांगावयास पाहिजे?

आणि ह्या दोरीची गाठ कोंडवाड्यात होती. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. जनावरास कायदा वाचता येत नाही. ते हिरवे दिसेल तिकडे जाते. गेले की कोंडवाड्यात, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही. पेरणीच्या दिवसांत बैल अडकला तर शेतकरी सावकाराकडे धाव घेणार, हे उघड आहे. एका मुठीच्या गवतापायी घरात कर्ज शिरे ते असे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडची गुरे चाऱ्यावाचून पटापट मेली. ज्यांनी तो छप्पन्नचा दुष्काळ पाहिला त्यांनी गवताची किंमत मुलांबाळांस शिकविली. जोतीराव फुले ह्यांनी तर १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड' ह्या आपल्या ग्रंथात डोंगर व गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले होते. 

सरकारशी उभा दावा मांडणे ही ह्या मुलखास नवी गोष्ट होती असेही कोणी समजू नये. पैनगंगेच्या बाजूस हटकरांचा नाईक नोवसाजी ह्याने नोवाच्या गढीतून निजामाच्या फौजेशी झुंज दिली. त्या फौजेचे अधिकारी इंग्रज होते. जानेवारी १८१९ मध्ये ती गढी पडली व तिच्यातले हटकर मोठ्या संख्येने मारले गेले. मेंढ्या राखणारी ही माणसे होती. त्यांच्या नावाने आमच्या शाळांतून किती धडे आहेत, हे वाचकांनीच आपल्या मुलांस विचारून पाहावे.

आता १९३० च्या पावसाळ्याकडे येऊ. त्या सालच्या जुलै महिन्याच्या १० तारखेस लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले व जंगलचा कायदा उघडपणे मोडला. त्यांस पकडण्यात आले व सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे, म्हणून वाशीमकरांनी ही गोष्ट परक्याची समजू नये. वऱ्हाडात इंग्रजांनी पाडलेला जुना वाशीम जिल्हा वाशीम, मंगरूळ व पुसद ह्या तीन तालुक्यांचा होता. १९०५ साली तो मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडले आणि पुसद यवतमाळास. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघाला. म्हणजे कायदेभंगाच्या त्या दिवशी ज्या रानात विळा चालला, त्या रानाशी आमची खेडी पिढ्यानपिढ्या एकाच कचेरीच्या अमलाखाली राहिलेली होती. मानोऱ्याकडचा डोंगर आणि पुसदकडचा डोंगर ह्यांच्या मधली रेघ कागदावरची आहे. गुरांस व गवतास ती ठाऊक नाही.

पुसदेस पडलेली ठिणगी वऱ्हाडात व मध्यप्रांतात पसरली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. पुढारी गवत कापतो तेव्हा तो कायदा मोडण्यासाठी कापतो. मूठभर कापले की त्याचे काम झाले. गावचा माणूस कापतो तेव्हा त्यास भारा पाहिजे असतो. पुढाऱ्यास पकडून नेले तर त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. गावच्या माणसाचा विळा जप्त होतो, बैल कोंडवाड्यात जातो, दंड होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यास त्याच नाकेदाराच्या समोरून जावयाचे असते. त्यातही गवत कापून डोक्यावर भारा आणणे हे पुष्कळ घरांतून बायांचे काम. नाक्यावर हुज्जत घालण्याची वेळ पहिल्यांदा त्यांच्यावरच येई.

ह्यावर काही शहाणे म्हणतात, "पोटासाठी गवत कापणारा देशभक्त कसा? त्यास स्वराज्याशी काय कर्तव्य?" आम्ही उलट विचारतो, स्वराज्य म्हणजे दुसरे काय? ज्या रानावर आपले पोट आहे त्याची व्यवस्था आपण करावी, परक्याच्या शिपायाने आपल्या मायबहिणींच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेऊ नये, ही इच्छा स्वराज्याची नव्हे तर कशाची? जो उपाशी नाही त्याचीच देशभक्ती शुद्ध, असा नियम केला तर शेतकऱ्यास देशभक्त होण्याची सोयच उरत नाही.

आणि गवतासाठी माणसांनी प्राणही दिले आहेत. कुलाबा जिल्ह्यात उरणजवळ चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. मध्यप्रांतात शिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे ९ ऑक्टोबर १९३० रोजी गोळीबारात चारजण पडले; त्यांपैकी तिघी आदिवासी स्त्रिया होत्या. सातारच्या बाजूस बिळाशीच्या शेतकऱ्यांनीही त्याच साली जंगलचा कायदा मोडला. ही नावे टिकली, कारण त्या त्या गावाने ती टिकविली. दरवर्षी स्मारकापाशी जमून उच्चारली, मुलांस सांगितली. सरकारने येऊन ती लिहून ठेवली नाहीत.

सरकारची यादी कशी तयार झाली तेही पाहावे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना काढली. चांगले केले. परंतु सर्वसाधारण अट होती किमान सहा महिने कैदेची. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींस ती तीन महिन्यांची. आता ज्याने दंड भरला, ज्याचे बैल गेले, ज्याने पंधरा दिवस हवालातीत काढले, जिने पोरे घरी टाकून सत्याग्रह्यांस भाकऱ्या पोचविल्या, त्यांचे माप ह्या तराजूत कसे पडावे? तराजूच कैदेचा होता, आणि शेतकऱ्याचे सोसणे बहुधा कर्जात व जप्तीत मोजले जाते. त्यामुळे जी यादी झाली ती खोटी नाही, पण ती अपुरी आहे.

आमच्या बहुजनसमाजातील पुष्कळ विचारी माणसे त्या काळी ह्या लढाईकडे संशयाने पाहत होती, हेही सांगितले पाहिजे. "इंग्रज गेला आणि त्याच्या खुर्चीवर आमच्यातलाच पांढरपेशा बसला तर शेतकऱ्यास काय मिळाले?" असे ते विचारीत. केशवराव जेध्यांसारखे लोक १९३० च्या सुमारास कायदेभंगाकडे वळले. सत्यशोधकी वळणात वाढलेल्या नाना पाटलांनी पुढे १९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार चालविले. त्यांनी लढाईत उडी घेतली, परंतु तो प्रश्न सोडून दिला नाही. तो प्रश्न पोकळ नव्हता हे आज दिसते. १९४७ साली निशाण बदलले. १९२७ सालचा इंग्रजी जंगल कायदा मात्र राहिला. ज्या कायद्याविरुद्ध विळा उचलला त्याच कायद्याने स्वराज्यातही कित्येक वर्षे भारा अडविला. गोरा साहेब गेला, पण पावतीपुस्तक गेले नाही!

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. २००६ साली संसदेने वनहक्क मान्य करणारा कायदा केला. अनुसूचित जमातींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' असा एक वर्ग त्यात आहे. कुणबी, धनगर, बंजारा, बुरूड, सुतार, कोणत्याही जातीचा माणूस त्यात येऊ शकतो. जातीचा दाखला हा त्याचा पाया नाही. चराई, निस्तार, बांबू, पाने, मोहफूल इत्यादी गौण उपज आणि गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्था, हे सर्व हक्क त्यात लिहिलेले आहेत. दाव्याची सुरुवात करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. परंतु ह्या इतर वर्गास एक अट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण तेथे राहत होतो व निर्वाहासाठी जंगलावर अवलंबून होतो असे दाखवावे लागते.

वाचकांनी बोटांवर हिशेब करावा. २००५ मधून पंचाहत्तर वजा केले म्हणजे १३ डिसेंबर १९३० ही तारीख येते. पुसदचा सत्याग्रह १० जुलै १९३० चा. म्हणजे कायदा ज्या वर्षाचा पुरावा मागतो, नेमक्या त्याच वर्षी आमची खेडी गवतासाठी सरकारच्या दप्तरात आरोपी म्हणून लिहिली जात होती! ज्याच्या आज्यास त्या साली राखीव जंगलात गवत कापल्याबद्दल दंड झाला, त्याच्या घराण्याचा त्या रानावर निर्वाह होता ह्याची साक्ष खुद्द इंग्रज सरकारने देऊन ठेवली आहे. गुन्ह्याचा तो कागद आज हक्काचा कागद होऊ शकतो.

पुरावा म्हणून काय चालते, हे ह्या कायद्याच्या नियमांत दिले आहे. जुने सरकारी दप्तर, गॅझेटिअर, कोर्टाचे निकाल, निस्ताराची कागदपत्रे, वंशावळ, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने ह्यांच्या खुणा चालतात. दावेदाराखेरीज गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकिकतही चालते. मात्र एकाच पुराव्यावर भिस्त ठेवू नये. एकाहून अधिक लागतात. म्हणून शोध कोठे घ्यावा हे ठाऊक पाहिजे. वाशीम व मंगरूळकडच्या गावांनी १९०५ ते १९९८ ह्या काळाचे कागद अकोल्याच्या दप्तरात शोधावे, पुसदला लागून असलेल्यांनी यवतमाळाकडेही पाहावे, आणि प्रांताची राजधानी नागपूर होती हे विसरू नये. घरातल्या जुन्या पेटीत चराईची पावती, कोंडवाड्याच्या दंडाची पावती, जप्तीची नोटीस सापडली तर ती रद्दीत टाकू नये. ते फाटके कागद म्हणजे तुमच्या घराण्याची सनद आहे.

परंतु सर्वांत घाई आहे ती वडीलधाऱ्यांची. १९३० साली जे दहा वर्षांचे होते ते आज हयात असलेच तर शंभरीच्या पुढे आहेत. ज्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून ती हकिकत ऐकली ते ऐंशीच्या आसपास आहेत. दहा वर्षांनी विचारू म्हणाल तर उत्तर देणारा मिळणार नाही. तेव्हा प्रत्येक गावात लिहिता येणाऱ्या दोन मुलांनी व दोन मुलींनी एक वही घ्यावी आणि घरोघर बसून लिहावे. तुमच्या घरातले कोण पकडले गेले, कोणाचे बैल कोंडवाड्यात गेले, कोणत्या रानात गुरे जात, तो रमणा कोणत्या नावाने ओळखला जाई, लाकूड कोठून येई, भारा कोण आणी. बायांस वेगळे बसवून विचारावे. पुरुषांच्या सांगण्यात भाऱ्याची गोष्ट बहुधा येत नाही. तांड्यावर, वाडीवर, गावकुसाबाहेरच्या वस्तीत आधी जावे. पाटलाच्या ओसरीवर शेवटी.

दोन इशारे देऊन ठेवतो. पहिला असा की, जमीन कोणाची हे आधी सातबाऱ्यावर पाहावे. ई-क्लासचे गायरान महसूलखात्याचे असते. वनहक्काचा दावा वनजमिनीवरच चालतो. पैसे घेऊन पट्टा मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये. दुसरा असा की, हक्क मिळाला म्हणजे रान वखरण्याची मोकळीक मिळाली असे समजू नये. ह्याच कायद्याने रान व त्यातील जीव राखण्याचे कर्तव्यही ग्रामसभेवर घातले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो गाव एकमताने चालला व त्याने रान राखले म्हणून साऱ्या देशात त्याचे नाव झाले. आमच्या वाशीमच्या गावांनी ज्या गवतासाठी इंग्रजाशी दावा केला ते गवत आपल्याच हाताने संपविले, तर आजोबांचा दंड फुकट गेला म्हणावयाचा.

१० जुलै २०३० रोजी पुसदच्या सत्याग्रहास शंभर वर्षे होतात. त्या दिवशी शहरांतून सभा होतील, हार घातले जातील, भाषणे होतील. ती खुशाल होवोत. आमची वाशीम जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस विनंती इतकीच की, त्या दिवसापर्यंत आपापल्या गावाची वही पुरी करावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, तिची एक नक्कल शाळेत ठेवावी, आणि जेथे रान आहे तेथे ती वनहक्काच्या दाव्यास जोडावी. हे काम करण्यास पुढारी लागत नाही, देणगी लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. एक वही लागते आणि म्हाताऱ्या माणसापाशी बसण्याची सवड लागते. पेरण्या आटोपल्या की त्या कामास लागावे.